जावईघसर आणि पुढची वाट

वाटाड्याचा पाय मुरगळला तो डोंगरावर नव्हे, स्वतःच्या घराच्या पायरीवर.

तीस वर्षं त्यानं माणसं आणि मेंढरं वरच्या कुरणापर्यंत नेली आणि सगळी धडधाकट परत आणली. पण त्या दिवशी दारात मोजणीसाहेब आले, त्यांना सामोरं जायच्या घाईत त्याचा पाय तिसऱ्या पायरीवरच्या लोकरीच्या टोपलीत पडला, आणि गडी साहेबांच्या बुटांपाशी पालथा. साहेबांना वाटलं, इथे पाहुण्याला असाच नमस्कार करत असावेत. त्यांनी टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार परत केला.

टोपली वाटाड्याच्या बायकोची होती. तिला घरात धाकटी म्हणत. सासरी आली तेव्हा ती घरातली सगळ्यांत लहान बाई होती. आता वय पंचेचाळीस झालं, कानशिलावरचे केस तिच्या लोकरीसारखेच पांढरे दिसू लागले, तरी धाकटी ती धाकटीच. ती पिंजण टाकून धावत आली, नवऱ्याला काखेत धरून आत नेलं, लोकरीच्या पोत्यावर त्याचा पाय ठेवला. घोटा वांग्यासारखा सुजला होता.

"टोपली पायरीवर कुणी ठेवली?" नवरा कण्हला.

"उजेड तिथे असतो म्हणून मी ठेवली. आणि गेली बावीस वर्षं तिथेच आहे," धाकटी म्हणाली. पण मनातून ती पार ओशाळली होती.

साहेब उंबऱ्यात उभे राहून सांगू लागले. ते नकाशे करणाऱ्या कचेरीतून आले होते. गावाच्या डोक्यावर जो मोठा डोंगर होता, तो एकाही नकाशात नव्हता. कचेरीतल्या कागदावर त्या जागी नुसता पांढरा ठिपका होता, हाताच्या पंजाएवढा. साहेबांना माथ्यावर जायचं होतं, उंची मोजायची होती, वाट कागदावर घ्यायची होती. सोबत एक तिपाई, एक पितळी दुर्बीण, दोन पेट्या आणि एक पोक्त कारकून होता. कारकुनाचं पोट सुटलेलं, आणि कचेरीत तो एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर बसला होता, असं त्यानं स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"आभाळ किती दिवस स्वच्छ राहील?" साहेबांनी विचारलं.

"चार दिवस," वाटाड्या पडल्यापडल्या म्हणाला. "पाचव्या दिवशी धुकं बसेल ते महिनाभर."

"मग आमचं कसं?"

वाटाड्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं छताकडं. दोघांच्याही मनात एकच नाव आलं आणि दोघांनाही ते तोंडातून काढायचं नव्हतं.

"माझी थोरली बहीण आहे," तो शेवटी म्हणाला. "तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त तिला असं कुणी सांगू नका."

*

वन्सं साठीच्या होत्या. वर्षातले सात महिने त्या वरच्या कुरणावर मेंढ्यांबरोबर राहत आणि उरलेले पाच महिने खाली येऊन भावजयीच्या चुका काढत. त्या दिवशी नेमक्या मीठ न्यायला खाली आल्या होत्या. त्यांनी अंगणात येऊन आधी साहेबांना पाहिलं, मग पेट्यांना, मग कारकुनाच्या पोटाला.

साहेब त्या वेळी काहीतरी विलक्षण करत होते. त्यांनी अंगणात छोटी चूल पेटवली होती, त्यावर पितळेचं भांडं, त्यात पाणी. पाणी उकळलं तशी त्यांनी त्यात काचेची नळी धरली, डोळे बारीक करून पाहिलं, कारकुनाला एक आकडा सांगितला आणि ते कढत पाणी सरळ ओतून दिलं.

वन्सं पुढे झाल्या. "चहा?"

"नाही, नाही. उंची मोजली. जितकं उंच जावं तितकं पाणी लवकर उकळतं."

"म्हणजे पाणी तापवायचं आणि फेकायचं?"

"हो."

"डोंगरभर?"

"प्रत्येक मुक्कामी."

वन्संनी भावजयीकडं मान वळवली. त्या चेहऱ्यावर काय होतं ते धाकटीला नेमकं कळलं आणि तिला हसू दाबता दाबता ठसका लागला.

"मी नेईन," वन्सं म्हणाल्या. "पण हे असलं काही करणाऱ्या दोन पुरुषांबरोबर मी एकटी जायची नाही. धाकटे, तू चल."

"मी? वन्सं, मी कुरणाच्या वर कधी गेलेच नाही!"

"वाट पाठ आहे ना?"

वाट पाठ होती, तेच तर दुखणं होतं. त्या घरात वाट तोंडपाठ असावी लागे. डोंगरावरच्या अकरा जागांची अकरा नावं, खालून वर, एका दमात: दमखा, वाटीभर, जावईघसर, दोनगाढवं, उपाशीघळ, लंगडी, पोटघास, मागेबघ, खोटारडी, कानटोपी, निजूनको. सासूबाईंनी नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात ती शिकवली होती, आणि सून दरवेळी लंगडीच्या आधी पोटघास घालायची. वन्संनी ते बावीस वर्षं विसरू दिलं नव्हतं.

"तरी पण लोकर पडली आहे, यांचा पाय..."

"माझा पाय घरीच राहणार आहे," नवरा आतून ओरडला. "जा तू. टोपलीचं प्रायश्चित्त समज."

*

पहिल्याच चढावर साहेबांनी वही काढली. "या जागेला काय म्हणतात?"

"दमखा," धाकटी म्हणाली. "इथे दम खायचा म्हणून."

साहेब हसले, पण गोड हसले. "बाई, नकाशावर असलं लिहिता येत नाही. आपण याला क्रमांक एक म्हणू."

वाटीभर म्हणजे खडकातून थेंब थेंब झिरपणारा झरा, वाटी भरली की पुढच्या वाटीसाठी तेवढंच थांबावं लागे. तो क्रमांक दोन झाला. आणि मग ते तिसऱ्या जागी आले.

तिथे वाट फुटत होती. उजवीकडे सगळे दगडधोंडे, खडबडीत, चालणाऱ्याचे घोटे सोलून काढतील असे. डावीकडे मऊ हिरवं गवत, गालिच्यासारखं, थेट वरपर्यंत.

"हे जावईघसर," वन्सं म्हणाल्या आणि दगडांकडं वळल्या.

"क्रमांक तीन," साहेब म्हणाले आणि गवताकडं वळले.

"साहेब, तिकडून नका," धाकटी म्हणाली. "एका घरचा जावई त्या गवतावरून..."

"बाई, मी अनेक डोंगर पाहिलेत."

गवताच्या खाली गुळगुळीत कातळ होता आणि कातळावर पाझराचं पाणी. साहेब ऐटीत वीस पावलं गेले. एकविसाव्या पावलाला त्यांचे दोन्ही बूट पुढे निघून गेले आणि साहेब मागे राहिले. मग साहेबही निघाले. बसल्या बसल्या, पाठ ताठ, मांडीवर तिपाई घट्ट धरलेली, टोपी डोक्यावर सरळ, असे ते त्या तिघांच्या समोरून खाली गेले. जाता जाता त्यांची आणि वन्संची नजरानजर झाली. वन्संनी वाट देतात तशी थोडी बाजूला सरकून वाट दिली.

खाली एका झुडपात ते थांबले. मग झुडपातून आवाज आला, "जावयाचं पुढे काय झालं?"

"काही नाही," वन्सं ओरडल्या. "कुरणावर जायचं राहिलं, खाली बायकोकडं लवकर पोचला!"

आणि झुडपातून हसू ऐकू आलं. आधी खुसखुस, मग मोठ्यानं, मग अगदी मनमोकळं. कारकून एकोणीस वर्षं साहेबांच्या हाताखाली होता, त्यानं ते हसू पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तो इतका दचकला की त्यानं वहीत तशी नोंद केली. साहेब वर आले तेव्हा त्यांच्या विजारीचा मागचा भाग हिरवागार होता. त्यांनी कारकुनाची वही घेतली, क्रमांक तीन खोडला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: जावईघसर.

धाकटीला का कोण जाणे, आपलंच काहीतरी छापून आल्यासारखं वाटलं.

*

दोनगाढवं म्हणजे पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन मोठे धोंडे. त्यांच्या आडोशाला वन्संची झोपडी होती, तिथे मुक्काम पडला. साहेबांनी पाणी तापवलं, आकडा घेतला. वन्सं बाजूला बटाटे उकडत बसल्या होत्या.

"माझ्याकडं पण मोजणी आहे," वन्सं म्हणाल्या. "घरी बटाटा एका मोळीत शिजतो. इथे दीड लागते. कानटोपीवर दोन मोळ्या जाळल्या तरी मधे कच्चाच. त्याच्या वर मी बटाटा नेतच नाही."

साहेबांनी पेन्सिल ओठाला लावली, वहीत काही गुणाकार केले आणि वन्संकडं अशा नजरेनं पाहिलं की धाकटीला वाटलं, हे आता पाया पडतात की काय. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मावशी, अगदी बरोबर आहे."

"आणि माझं पाणी फुकट जात नाही," वन्सं म्हणाल्या आणि त्यात मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांनी पुन्हा हट्ट केला. न्याहारीशिवाय ते कुठेही जात नसत. उपाशीघळीचं नाव दोघींनी चार वेळा सांगितलं, साहेब चार वेळा हो म्हणाले आणि कारकुनानं शांतपणे पाव कापला. घळ समोरच होती, उगवतीच्या बाजूला तोंड करून, गारठलेली, मुकाट. तिच्यात काय आहे घाबरण्यासारखं, असं कुणालाही वाटावं.

वन्सं वाद घालत बसल्या नाहीत. त्या एका दगडावर बसल्या आणि त्यांनी शेजारी थोपटून भावजयीला जागा दाखवली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. दोघी जत्रेला आल्यासारख्या बसून राहिल्या.

ऊन घळीच्या माथ्याला लागलं. साहेबांनी दुसरा पाव घेतला. रात्रभर बर्फानं धरून ठेवलेला एक खडा सुटला आणि टकटक करत खाली गेला. मग दुसरा. मग पेटीएवढा एक धोंडा उड्या मारत आला, आणि त्याच्या मागे सगळी घळ जागी झाली. खडखड, धडधड, धुरळा. साहेबांच्या हातातला पाव तसाच राहिला.

"हे रोज होतं?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी. दुपार ढळली, सावली आली, की पुन्हा गप्प," धाकटी म्हणाली. "म्हणून घळ ओलांडायची ती उपाशी."

"पण मग उपाशीघळ हे नाव नाही," साहेब हळू म्हणाले. "ही सूचना आहे."

"सगळीच सूचना आहे," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही काय समजलात, आम्ही डोंगराची थट्टा करतो?"

तो दिवस वाया गेला. पण साहेबांनी तो दोघींच्या समोर मांडी घालून काढला, आणि अकराच्या अकरा नावं, त्यांची कारणं, कुठे उजवीकडे ठेवायचं, कुठे डावीकडे, सगळं उतरवून घेतलं. धाकटीनं एकदाही लंगडीच्या आधी पोटघास घातलं नाही. घालणार होती, पण वन्संनी हलकेच तिच्या मांडीला चिमटा काढला.

*

तिसऱ्या दिवशी तारे विझायच्या आत चौघं उपाशीपोटी घळ ओलांडून गेले. लंगडीवर सुटे धोंडे होते, त्यांच्यावरून लंगडी घातल्यासारखं उड्या मारत जायचं. मग पोटघास: कड्याच्या पोटातून गेलेली हातभर रुंद पट्टी. तिथे तोंड कड्याकडं करून, पोट खडकाला घासत, आडवं सरकायचं. कारकुनाला ते सगळ्यांत जास्त जमलं, कारण घासायला पोट सगळ्यांत जास्त त्याच्याकडंच होतं. हे त्यानं स्वतःच म्हटलं आणि स्वतःच हसला.

त्यानंतर मागेबघ. धाकटी थांबली आणि नावानं सांगितलं तसं तिनं मागे वळून पाहिलं. पुढून येताना जो साधा सुळका वाटला होता, तो मागून अगदी पाठीवर पोतं घेऊन वाकलेल्या माणसासारखा दिसत होता. "अगंबाई," ती म्हणाली. नाव तिनं हजारदा घेतलं होतं, बघितलं आज होतं.

आणि तिथून वर तिला काहीतरी होऊ लागलं. हवा पातळ झाली, डोकं हलकं झालं, पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. निळं आभाळ इतकं जवळ आलं की पिंजून पोत्यात भरावं. खोटारडीवर साहेबांनी हाक मारली तर ती भलत्याच बाजूनं परत आली, यावर कारकून पोट धरून हसला. कानटोपीच्या खिंडीत वाऱ्यानं साहेबांची टोपी नेली, यावर साहेबच हसले. निजूनकोवर सगळ्यांच्या पापण्या जड झाल्या तेव्हा वन्सं एकेकाला ढोसत राहिल्या आणि सासूबाईंच्या घोरण्याची नक्कल करत राहिल्या. धाकटीनं बावीस वर्षांत वन्संना नक्कल करताना पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

भर दुपारी ते माथ्यावर पोचले. वर जायला जागाच उरली नाही. चहूकडे डोंगरच डोंगर, सगळे खाली बसलेले.

साहेबांना धाप लागली होती. त्यांनी अंगरख्याची बटणं लावली आणि घसा खाकरला. "लिहून घ्या," ते कारकुनाला म्हणाले. "आज रोजी या शिखरावर मनुष्याचं पाऊल पहिल्यांदाच..."

"दुसऱ्यांदा," वन्सं म्हणाल्या.

"काय?"

"मी अकरा वर्षांमागे आले होते."

"इथे? माथ्यावर? कशाला?"

"काळी मेंढी चुकली होती. ती या इथे उभी होती, तुम्ही उभे आहात तिथेच. तिला धरलं आणि घेऊन गेले."

"मग हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. मेंढी सापडली म्हणून सांगितलं."

साहेबांनी लावलेली बटणं पुन्हा सोडली. "म्हणजे पहिली तुम्हीसुद्धा नाही."

"नाही. पहिली मेंढी."

साहेब मटकन खाली बसले. धाकटीला वाटलं, माणूस रडतो आता. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्यानं. मग कारकून बसला, मग धाकटी, आणि चौघंही त्या उंच जागी एकमेकांच्या अंगावर रेलून मुरकुंडी वळेपर्यंत हसले. थांबले की कुणीतरी "बेंऽ" करायचं आणि पुन्हा सुरू. कारकुनानं हसता हसता नोंद केली: पहिली चढाई, मेंढी, काळी, दुसरी, तिची मालकीण. साहेबांनी खाली सही केली.

*

उतरताना धुकं आलं. वाटाड्याचा अंदाज चुकला होता. धुकं खालून वर आलं, गुपचूप, दूध उतू जातं तसं. वन्सं आणि साहेब पुढे होते. खोटारडीच्या वर कारकुनाच्या बुटाची नाडी तुटली, धाकटी त्याच्यापाशी थांबली, तिनं कंबरेच्या पिशवीतून लोकरीचा पीळ काढून नाडी केली, आणि दोघांनी मान वर केली तेव्हा पुढे कुणीच नव्हतं. सगळं पांढरं.

"धाकटेऽ!" डावीकडून वन्संची हाक आली.

"तिकडे आहेत!" कारकून निघालाच.

धाकटीनं त्याला अंगरख्याला धरून मागे ओढलं. "थांबा. आपण कुठे आहोत?"

"मला काय माहीत?"

"खोटारडीवर. इथे आवाज खोटं बोलतो. हाकेच्या दिशेनं जायचं नाही."

"मग कुठल्या दिशेनं जायचं?"

हा प्रश्न मोठा होता. कारकुनाचे ओठ पांढरे पडले होते. वाट तिला खालून वर पाठ होती. आता उलटी हवी होती. तिनं डोळे मिटले. आणि तिच्या ध्यानात आलं की उलटी तर तिला जास्त चांगली येते. घरी सूत गुंडाळताना ती नावं म्हणत वेढे मोजायची, आणि सूत गुंतलं की तीच नावं उलटी म्हणत एकेक वेढा सोडवायची. तिचं सूत फार गुंतायचं.

"खोटारडी, मागेबघ, पोटघास, लंगडी," ती पुटपुटली. कुठेही अडखळली नाही. "चला. उतार पायाला लागतो तसा सरळ खाली. पोतं घेतलेला माणूस शोधायचा."

"कोण माणूस?"

"दगडाचा आहे. या तुम्ही."

दहा पावलं, वीस, पन्नास. काही नाही. आणि मग धुक्यातून तो निघाला, वाकलेला, पाठीवर पोतं, अगदी सकाळी पाहिला तसा. धाकटी त्या दगडाला जाऊन चक्क बिलगली. "आलात!" ती त्याला म्हणाली. कारकूनही बिलगला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यानं दगडाला मिठी मारायची ही पहिलीच वेळ होती.

पोटघासवर खालचं काही दिसत नव्हतं ते बरंच झालं. "पोट लावा," ती सांगत होती. "आता डावा पाय. आता उजवा त्याच्याजवळ. घरच्या भिंतीला चिकटून लपतो ना तसं."

"मी असा कशाला लपेन?"

"बायको कामाला बोलावते तेव्हा."

"हां, तसं," कारकून म्हणाला आणि झपाझप सरकू लागला.

लंगडीवर तो तिच्यापेक्षा चांगल्या उड्या मारत होता. उपाशीघळीच्या काठावर पोचले तेव्हा घळ सावलीत होती, गप्प. वन्सं नाहीत, साहेब नाहीत. आता मात्र धाकटी धुक्यात डोळे ताणून पाहू लागली. एवढ्यात कारकुनानं खिशातून कालचा पाव काढला, अर्धा तिला दिला, आणि भुकेपुढे दोघांचं काही चाललं नाही.

दोनचार घास झाले असतील, तोच धुक्यातून दोन आकृत्या आल्या. पुढे वन्सं, आणि त्यांच्या मुठीत साहेबांचा कमरपट्टा. साहेब शेळीसारखे मागून येत होते.

"तीन वेळा!" वन्सं लांबूनच ओरडत होत्या. "तीन वेळा हा माणूस माझ्याच हाकेच्या पडसादामागे कड्याकडं निघाला! आणि मी तुला शोधत सगळा डोंगर..." त्या जवळ आल्या. त्यांनी भावजयीला पाहिलं, कारकुनाला पाहिलं, पावाला पाहिलं. चेहऱ्यावर राग जमू लागला, पण मधेच कुठेतरी तो विरघळला. "उपाशीघळीत खातेस?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिला इतकं घट्ट धरलं की पावाचा चुरा झाला.

"उलटी म्हटलीस?" मग त्यांनी कानात विचारलं.

"हो."

"मला उलटी येत नाही," वन्सं म्हणाल्या. "साहेबांना सांगू नकोस."

*

पुढच्या वर्षी शहरातून बोलावणं आलं. नकाशा तयार झाला होता, पण कचेरीतले मोठे साहेब ती नावं छापायला तयार नव्हते. नावं खरी आहेत असं सांगणारं कुणीतरी समोर हवं होतं.

मोठ्या साहेबांची खोली उंच छताची होती. भिंतीभर सपाट कपाटं, त्यांच्या रुंद खणांत नकाशे निजवलेले. चार टेबलांवर चार नकाशेकार हातात बारीक टाक धरून वाकलेले, आणि शाईचा आंबट वास. नणंद-भावजय धुतलेल्या कपड्यांत एका बाकावर बसल्या. मोजणीसाहेब भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या शेजारी कारकून. तो बराच बारीक झाला होता.

"जावईघसर," मोठे साहेब नाक मुरडून म्हणाले. "हे काय आहे?"

वन्संनी सांगितलं, पण जावयाचं नाही. मोजणीसाहेबांचं सांगितलं. ताठ पाठ, मांडीवरची तिपाई, डोक्यावरची टोपी. पहिल्या टेबलावरच्या नकाशेकाराचा टाक थांबला. दुसऱ्यानं रुमाल तोंडात कोंबला. तिसऱ्यानं शाई सांडली. मोठे साहेब मात्र न हसता एकेक नाव विचारत गेले, धाकटी कारण सांगत गेली, आणि शेवटी ते म्हणाले, "या अकरा शब्दांत आमच्या चाळीस पानी अहवालापेक्षा जास्त माहिती आहे." असं म्हणून त्यांनी नकाशावर शिक्का मारला.

"आणि शिखराचं नाव?" त्यांनी विचारलं. "ती जागा कोरी आहे."

"तिथे चारा नाही, पाणी नाही, कुणी जात नाही," वन्सं म्हणाल्या. "नाव कशाला?"

"तसंच राहू दे," मोजणीसाहेब भिंतीपाशी म्हणाले. मोठ्या साहेबांनी थोडा विचार करून मान हलवली.

दोघी बाहेर आल्या. कारकून उतरायच्या जागेपर्यंत सोबत यायला निघाला होता, पण वन्संनी त्याला हात हलवून परत पाठवलं. दोन चौकांनंतर त्यांच्या लक्षात आलं की आपण चुकलो. सगळे रस्ते एकसारखे, सगळी घरं एकसारखी, आणि दारांवर नुसते आकडे. गाड्या खडखडत अंगावरून जात होत्या. वन्सं आयुष्यात पहिल्यांदाच भांबावून उभ्या होत्या.

"यांना नावं नाहीत," त्या म्हणाल्या. "नावं नाहीत तर माणसानं घरी जायचं कसं?"

धाकटीनं मागे वळून पाहिलं. कोपऱ्यावर एका न्हाव्याच्या दुकानात एक गलेलठ्ठ गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून घोरत होतं.

"फेसघोर," ती म्हणाली. "इथून आपण डावीकडून आलो."

वन्संनी तिच्याकडं पाहिलं. मग पुढच्या वळणावर एक बाई खिडकीतून नवऱ्याला झाडत होती. "बरंबरं," वन्सं म्हणाल्या. "तो तेवढंच म्हणतोय."

"फेसघोर, बरंबरं," धाकटीनं जोडलं. पुढे दोन पोलीस एका बोकडाला फुटपाथवरून ओढत होते आणि बोकड जिंकत होता. दोघी भर रस्त्यात थांबून हसत सुटल्या, येणारेजाणारे वळून पाहू लागले, आणि वन्संनी भावजयीच्या दंडात हात घातला.

"याचं नाव तू ठेव," त्या म्हणाल्या.